काटकरांच्या कॉम्प्युटरचं सुतक

तुमच्या घरचा कॉम्प्युटर कधी सुतकात बसला आहे का? विट्याच्या काटकरांचा बसला होता. बुधवारपासून सोमवारपर्यंत सहा दिवस, आणि तेवढ्या दिवसांत त्याने बाहेरून आलेला एकही आनंदाचा मेल घरात घेतला नाही.

सुतकाच्या घरी चांगली बातमी नेऊ नये, हा रिवाज माणसांना आहे तसाच मेलांनाही आहे. अशा घरी येतात ते फक्त दुःखाचे मेल. बाकीचे दारापर्यंत येतात, आतला अंदाज घेतात आणि ‘येतो’ न म्हणता मागे फिरतात. हे सगळ्यांना माहीत असतं. पण आपल्याच घरावर वेळ आली की माणसाला पटकन उमजत नाही. जयमाला काटकरलाही उमजलं नाही.

जयमाला अठ्ठेचाळीस वर्षांची होती, बारावी झालेली. लग्नानंतरची पंचवीस वर्षं घर सांभाळण्यात गेली. मुलगी सासरी गेली, नवरा आनंदराव दूध डेअरीत सकाळ-संध्याकाळ फॅट तपासायला जायचे, आणि मधला सगळा दिवस जयमालाला घरात पुरून उरायचा. त्या मंगळवारी ती कडेगावला जाऊन मुलींच्या एका वसतिगृहात सहायक गृहपालाच्या जागेसाठी मुलाखत देऊन आली. आयुष्यातली पहिलीच. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, ‘‘साठ मुलींतली एक रडतेय आणि कारण सांगत नाही. काय कराल?’’

जयमाला म्हणाली, ‘‘जेवली का ते आधी विचारीन.’’

बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. निघताना त्यांनी सांगितलं, की मेल सगळ्यांनाच जाईल. निवड झाली त्यांनाही आणि नाही झाली त्यांनाही. निवड झालेल्या उमेदवाराने सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत त्याच मेलला उत्तर देऊन होकार कळवायचा आणि मंगळवारी सकाळी हजर व्हायचं. पाच वाजून गेले की यादीतलं पुढचं नाव.

बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी दुपारपर्यंत जयमालाने कॉम्प्युटर चार वेळा बंद करून चालू केला, वायर काढून पुसून परत घातली आणि शेवटी मेलच्या तक्रार कक्षाला फोन लावला.

‘‘तक्रार कक्ष. राजमाने बोलतोय.’’

‘‘साहेब, आमच्याकडं मेल येत नाहीत. बुधवारपासून.’’

‘‘एकही नाही?’’

‘‘तीन आले. पण ते तसलेच.’’

‘‘कसले?’’

जयमालाने वाचून दाखवलं. एकात उद्या नळाला पाणी येणार नाही असं होतं. दुसऱ्यात वाचनालयाने वर्गणीदारांअभावी दिवाळी अंक बंद केल्याचं जड अंतःकरणाने कळवलं होतं. तिसरा आनंदरावांच्या शाळेतले पी.टी.चे सर गेल्याचा होता.

राजमान्यांचा आवाज एकदम खाली आला. ‘‘बाई, घरात कोणी गेलंय का?’’

‘‘नाही ओ. सगळी खुशाल आहेत.’’

‘‘माणसांचं नाही विचारत. यंत्रांपैकी.’’

जयमालाने मान वळवली. कॉम्प्युटरशेजारच्या स्टुलावर एक चौकोन उरला होता, बाकी स्टुलावर धूळ आणि तेवढाच चौकोन स्वच्छ.

‘‘प्रिंटर,’’ ती म्हणाली. ‘‘बुधवारी भंगारवाल्याला दिला. शाई ओकत होता सारखी.’’

‘‘कॉम्प्युटरला कोण लागत होता?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘एकदमच घेतलेले का मागाहून आणलेला?’’

‘‘एकदमच. अकरा वर्षं झाली. एकाच दुकानातून, एकाच टेम्पोतून आले.’’

‘‘सख्खे,’’ राजमाने म्हणाले, आणि पलीकडे काहीतरी टाइप केल्याचा आवाज आला. ‘‘वाईट झालं.’’

‘‘हो ना,’’ जयमाला म्हणाली. अशा वेळी हेच म्हणायचं असतं.

‘‘त्याला सांगितलंत का?’’

‘‘कुणाला?’’

‘‘कॉम्प्युटरला. भाऊ गेला म्हणून.’’

बुधवारी दुपारी ती चक्कीवर गेली होती. ती परत येईस्तोवर आनंदरावांनी प्रिंटर उचलून गाड्यावर ठेवलाही होता. कॉम्प्युटर त्या वेळी बंद होता. संध्याकाळी तो चालू केला तेव्हा त्याने ‘प्रिंटर सापडत नाही’ असं तीनदा विचारलं होतं, आणि तिन्ही वेळा तिने ‘ठीक आहे’ या बटणावर बोट ठेवलं होतं.

‘‘मग तो अंदाजानं पाळतोय,’’ राजमाने म्हणाले. ‘‘अंदाजानं पाळलेलं आमच्याकडं धरत नाहीत. ज्या दिवशी नीट सांगाल तो पहिला दिवस. तिथून दहा.’’

‘‘दहा? अहो, सोमवारी पाचच्या आत मला उत्तर द्यायचंय!’’

‘‘कसलं?’’

‘‘नोकरीचं.’’

‘‘तो मेल अजून आला नाही ना?’’

‘‘नाही.’’

‘‘आणि दुःखाचे येतायत.’’ राजमाने कुजबुजले. ‘‘बाई, नकार असता तर आला असता. त्याला सुतक आडवं येत नाही. मी सांगितलं असं कुठं बोलू नका.’’

जयमाला स्टुलावरच बसणार होती. मग आपण कुठे बसतोय ते लक्षात येऊन ती जमिनीवर बसली. नोकरी लागली होती. दाराबाहेर उभी होती आणि आत येत नव्हती.

‘‘मी शेजारच्यांच्या मोबाईलवर माझा मेल उघडला तर?’’ तिने विचारलं.

‘‘सुतक घराला नसतं, खात्याला असतं. तुम्ही सुतकात असताना साताऱ्याला गेलात, तर साताऱ्यात सुटतं का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग?’’

शेवटी राजमान्यांनी एक वाट सांगितली. हल्ली धावपळीच्या दिवसांत तिसऱ्या दिवशी उरकायची सवलत आहे. मात्र उशिरात उशिरा उद्या शनिवारी, सूर्य मावळायच्या आत, घरातल्या कोणीतरी कॉम्प्युटरला समक्ष सांगायला हवं. म्हणजे शनिवार एक, रविवार दोन, सोमवार तीन. सोमवारी कर्त्याने रीतीप्रमाणे सगळं करायचं आणि कावळा शिवला की मेल आत.

जयमालाने वसतिगृहालाही फोन करून पाहिला. तिथल्या कारकुनाने ऐकून घेतलं आणि हळहळही व्यक्त केली. पण होकार त्याच मेलला उत्तर म्हणून हवा, कारण जावक क्रमांक त्यात असतो, आणि जावक क्रमांकाशिवाय आलेला होकार त्यांच्याकडे कुठल्याच फायलीत बसत नाही.

संध्याकाळी आनंदराव डेअरीतून आले आणि सगळं ऐकून खाटेवर टेकले.

‘‘मी म्हटलं, अडगळ गेली तर तुला बरं वाटंल,’’ ते म्हणाले.

‘‘निदान त्याला सांगायचं तरी.’’

‘‘तो झोपला होता.’’

‘‘उठल्यावर?’’

आनंदरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ‘‘तोंड झालं न्हाई.’’

शनिवारी सकाळी शेजारच्या द्वारकाकाकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे. गल्लीतल्या प्रत्येक दुःखात सत्तर वर्षांच्या काकू पहिल्या हजर असत आणि काय करायचं ते त्यांना तोंडपाठ असे. त्यांनी भाकरी झाकून ठेवली आणि त्या कॉम्प्युटरसमोर मांडी घालून बसल्या. मग पदर सारखा करत म्हणाल्या, ‘‘चांगला व्हता गं. माझ्या नातवाचं बारशाचं पत्र त्यानंच छापल्यालं.’’

आनंदरावांनी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि कॉम्प्युटर चालू केला. जयमाला आणि काकू मागे उभ्या राहिल्या. आनंदराव दोनदा खाकरले.

‘‘हे बघ,’’ ते म्हणाले. ‘‘प्रिंटरला जरा बरं न्हवतं. कराडला न्यालाय. डॉक्टर प्रयत्न करतायत. पण जरा सीरियस हाय.’’

कॉम्प्युटरमधला पंखा जोरात फिरायला लागला.

‘‘झ्याक सांगितलंसा,’’ काकू हळू आवाजात म्हणाल्या. ‘‘येकदम सांगाय नगं. दमादमानं घ्यावं.’’

जयमालाला ‘सीरियस’ हा शब्द खटकला, पण दोघं मोठी माणसं समाधानाने माना हलवत होती, म्हणून ती भाकरी वाढायला वळली.

दुपार झाली. मेल आले नाहीत. आनंदाचे तर नाहीतच, पण दुःखाचेही नाहीत. पाणी नाही, वीज नाही, कुणी वारलं नाही. जयमालाला आता नकार न आल्याचाही भरवसा उरला नाही, कारण काहीच येत नव्हतं. तिने पुन्हा फोन लावला.

‘‘काय सांगितलंत त्याला?’’ राजमान्यांनी विचारलं.

‘‘सीरियस आहे असं.’’

पलीकडे पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. ‘‘असं सांगायला कुणी सांगितलं?’’

‘‘आमच्याकडं असंच सांगतात.’’

‘‘सगळीकडंच तसं सांगतात, बाई. माणूस ते ऐकतो आणि काय ते समजतो, पिशवी भरून निघतो. कॉम्प्युटर सांगितलं तेवढंच धरतो. आमच्याकडं आत्ता तुमच्या नावापुढं ‘प्रकृती गंभीर’ अशी नोंद पडलीय. त्याने सगळी लाइन मोकळी ठेवलीय, कराडहून निरोप येईल म्हणून. किती वाजले?’’

‘‘चार.’’

‘‘सूर्यास्त सहा बावन्नला आहे. सरळ सांगा.’’

आनंदराव संध्याकाळच्या पाळीला डेअरीत गेले होते. काकू म्हणाल्या, ‘‘ते आल्यावर सांगत्याल की. पुरुषमाणसानं सांगावं.’’

‘‘ते आठला येतात, काकू.’’

‘‘मग माझ्यानं न्हाई व्हायचं. मी आजवर सोळा जणास्नी सांगितलंय, पर सोळांनाबी सीरियसच सांगितलंय.’’

जयमाला कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसली. तिला अशा निरोपाची चांगली ओळख होती. सोळा वर्षांपूर्वी तिच्या वडिलांचं असंच झालं होतं. ‘आण्णा सीरियस आहेत, ताबडतोब ये,’ असा फोन आला, आणि ती खरोखरच सीरियस समजून निघाली. आण्णांना आवडायचा तसा मऊ भात तिने डब्यात भरला, वर तूप घातलं, आणि एसटीत दोन तास तो डबा निवू नये म्हणून मांडीवर पदराखाली धरून बसली. गावात उतरली तेव्हा अंगणात खुर्च्या मांडलेल्या दिसल्या. त्या गडबडीत डबा कुणी हातातून घेतला नाही आणि तिलाही तो कुठे ठेवायचा ते कळलं नाही. रात्रीपर्यंत तो तिच्या हातातच होता.

‘‘ऐक,’’ ती कॉम्प्युटरला म्हणाली. ‘‘प्रिंटर गेला. बुधवारी दुपारी बारा वाजता. कराडला नाही नेला, आम्ही त्याला भंगारात दिला. आता तो येणार नाही. तुला आधी सांगितलं नाही, ते आमचं चुकलं. आणि सकाळी खोटं सांगितलं, तेही चुकलं.’’

पंखा फिरायचा थांबला. पडदा बराच वेळ तसाच उजळ राहिला आणि मग आपोआप काळा झाला. जयमालाने पदराने त्यावरची धूळ पुसली. काकू दाराशी उभ्या राहून डोळे टिपत होत्या. म्हणाल्या, ‘‘किती रोखठोक गं बाई तू.’’

सहा वाजता आनंदराव धापा टाकत आले. सकाळचं खोटं डाचत होतं म्हणून डेअरीत कुणाशी तरी पाळी बदलून घेऊन आले होते. ‘‘मी सांगतो त्याला, सरळ सांगतो,’’ म्हणाले. जयमालाने सांगितलं, की सांगून झालं. ते शेजारी बसले. तिघंही पडद्याकडे बघत राहिली.

सहा वाजून दहा मिनिटांनी पडदा उजळला आणि एक मेल आत आला. ‘आपणांस कळविण्यास अत्यंत खेद होतो की,’ अशी त्याची सुरुवात होती. पुढचं वाचायला जयमालाचे डोळे तयार होईनात. तिने खुर्चीचे हात घट्ट धरले.

‘‘तुम्ही वाचा,’’ ती म्हणाली.

आनंदरावांनी चष्मा लावला. ‘‘आपणांस कळविण्यास अत्यंत खेद होतो की... रविवारी भाजी मंडई बंद राहील.’’ त्यांनी चष्मा काढला आणि मोठ्याने म्हणाले, ‘‘मंडई बंद! देव पावला!’’

दुःखाचा मेल आला, म्हणजे सुतक रीतसर सुरू झालं होतं. राजमान्यांनी फोन करून तशी खातरजमा केली. ‘‘शनिवार, दिवस पहिला,’’ ते म्हणाले. ‘‘कॉम्प्युटरचं बिल कुणाच्या नावावर आहे?’’

‘‘आमच्या ह्यांच्या.’’

‘‘मग कर्ते ते. डोक्याला सवलत आहे. पण मिशी काढावी लागेल.’’

आनंदरावांची मिशी सबंध विट्यात माहीत होती. कॉलेजला असल्यापासूनची ती, दोन्ही टोकांना वर वळलेली. डेअरीत नवीन आलेल्या शेतकऱ्याला कुणाकडे जायचं ते सांगताना लोक नाव सांगत नसत, ओठावरून बोट फिरवून दाखवत. लग्नाच्या फोटोत नवरीपेक्षा मिशीच जास्त दिसते असं जयमालाची आई म्हणायची. रविवारचा सगळा दिवस आनंदराव आरशाकडे न बघता त्याच्यासमोरून जात-येत राहिले.

‘‘त्यांना विचार, नुसती कातरली तर?’’

जयमालाने विचारलं. ‘‘कातरलेली धरत नाहीत,’’ राजमाने म्हणाले.

‘‘अहो, राहू दे,’’ जयमाला म्हणाली. ‘‘माझ्या नोकरीसाठी तुमची मिशी कशाला?’’

सोमवारी सकाळी डेअरीतून येताना आनंदराव न्हाव्याच्या दुकानात शिरले. घरी आले तेव्हा त्यांनी तोंडाला रुमाल लावला होता. दारातच तो काढला आणि ते उभे राहिले. जयमालाने पंचवीस वर्षांत नवऱ्याचा वरचा ओठ पहिल्यांदाच पाहिला. तो पातळ होता आणि थोडासा भित्रा दिसत होता.

‘‘मिशी महिन्यात येती,’’ आनंदराव म्हणाले. ‘‘नोकरी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी येकदाच येती. हसू नगंस.’’

‘‘हसत नाही.’’

‘‘तुझं तोंड हलतंय.’’

अकरा वाजता परसातल्या कंपाउंडच्या भिंतीवर कोरा कागद अंथरून त्यावर दहीभात ठेवला. कॉम्प्युटरला दिसावं म्हणून त्याचं तोंड खिडकीकडे वळवलं होतं. कावळा आला. पलीकडच्या शेवग्यावर बसला आणि भाताकडे बघत राहिला.

बारा वाजले. एक वाजला. कावळा एकदा भिंतीवर उतरला, भाताभोवती फिरला आणि पुन्हा शेवग्यावर जाऊन बसला.

‘‘कायतरी मागं राहिलंय प्रिंटरचं,’’ काकू म्हणाल्या. ‘‘कबूल करा कायतरी.’’

आनंदरावांनी हात जोडले. ‘‘कॉम्प्युटरला अंतर देणार न्हाई. नवं कव्हर शिवतो.’’

कावळ्याने पंख झाडले.

‘‘वर्सभर नवीन प्रिंटर घरात आणणार न्हाई.’’

कावळ्याने चोच फांदीवर पुसली.

‘‘स्टूल तुझं तसंच ठेवतो. त्यावर कुंडी ठेवणार न्हाई.’’

हे ऐकून कावळा उडाला आणि गल्लीच्या टोकाला जाऊन बसला. काकू म्हणाल्या, कुंडीचं बोलायला नको होतं. तीन वाजता तो परत आला. सगळ्यांनी आलटून पालटून कबूल करून पाहिलं. काकूंनी तर स्वतःच्या मिक्सरलासुद्धा शब्दात गुंतवलं. काहीही उपयोग झाला नाही. राजमान्यांचा दोनदा फोन येऊन गेला. कावळ्याच्या बाबतीत आमच्या हातात काही नाही, तो विभाग वेगळा आहे, असं ते खरोखर वाईट वाटून म्हणाले.

सव्वाचारला जयमाला पायरीवर बसली. तिने सकाळपासून नेसलेल्या चांगल्या साडीच्या निऱ्या गुडघ्यांवर सारख्या केल्या.

‘‘जाऊ द्या आता,’’ ती म्हणाली. ‘‘यादीतलं पुढचं नाव आहे ना, तिलाही गरज असेल. तिच्या घरी कुणी वाट बघत असेल.’’

‘‘तुला पाहिजे का न्हाई नोकरी?’’ आनंदरावांनी विचारलं.

जयमाला म्हणाली, ‘‘त्या बाईंनी मी बोललेलं लिहून घेतलं. आजपर्यंत माझं कुणी काही लिहून घेतलं नव्हतं.’’

आनंदराव उठले. भिंतीजवळ गेले, शेवग्याकडे तोंड केलं आणि मिशी नसलेल्या ओठांनी, जरा चिडूनच, मोठ्याने म्हणाले, ‘‘आता आणि काय पाहिजे तुला? ही कामाला जाईल. सकाळचा च्या मी करीन. दूध मी घेईन, तापवीन, उतू गेलं तर पुसीन. हिचा डबासुद्धा मीच भरीन. झालं?’’

कावळा खाली आला आणि भाताला शिवला. एकदा नाही, तीनदा. मग कागदासकट सगळा भात त्याने भिंतीपलीकडे ओढला.

‘‘डब्याचं जरा जास्त बोललासा,’’ काकू म्हणाल्या.

आत पडदा उजळला होता. चार वाजून बावीस मिनिटं झाली होती. बाहेर पाच दिवस खोळंबलेले आनंदाचे मेल एकामागोमाग एक आत यायला लागले. आत येताना प्रत्येक जण आधी कॉम्प्युटरपाशी थांबत होता, ‘कळलं, फार वाईट वाटलं’ म्हणत होता आणि मगच आपल्या जागेवर जाऊन बसत होता. दोन मिनिटांच्या आत कुणीच उरकत नव्हता. पहिला होता तो आनंदरावांच्या भाचीच्या साखरपुड्याचा. त्यामागून गॅसच्या तक्रारीचं निवारण झाल्याचा आला. बी-बियाणांच्या दुकानाची नवीन सूची आली आणि ती फार वेळ बसली.

‘‘पुढं व्हा की ओ,’’ काकू पडद्याला म्हणाल्या. ‘‘मागं माणसं खोळंबल्याती.’’

‘‘काकू, असं म्हणू नये,’’ जयमाला म्हणाली. ‘‘भेटायला आलेत.’’

कडेगावचा मेल चार वाजून शेहेचाळीस मिनिटांनी आला. त्यानेही वाईट वाटल्याचं सांगितलं, पण तो कामाचा मेल होता, थोडक्यात सांगून बाजूला झाला. त्यावर जावक क्रमांक होता आणि खाली लिहिलं होतं, की श्रीमती जयमाला आनंदराव काटकर यांची सहायक गृहपाल या पदासाठी निवड करण्यात येत आहे.

जयमालाने दोनदा वाचलं. आनंदरावांनी एकदा मोठ्याने वाचलं. काकूंनी ‘सहायक म्हंजे हाताखालची का?’ असं विचारलं आणि कुणी उत्तर द्यायच्या आत ‘असू दे, असू दे’ म्हणाल्या. मग जयमालाने एका बोटाने, एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं: ‘मान्य आहे. उद्या सकाळी हजर होते. घरात दुःख झाल्यामुळे उत्तराला उशीर झाला, क्षमस्व.’ चार वाजून चोपन्न मिनिटांनी तो मेल बाहेर पडला. निघताना तो कॉम्प्युटरला ‘येतो’ म्हणाला, कारण आता म्हणायला हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयमाला सातच्या एसटीने कडेगावला गेली. साडेसातला दूधवाल्याने दार वाजवलं आणि दार उघडणाऱ्या अनोळखी माणसाला विचारलं, ‘‘मालक कुठं गेले ओ?’’ तेव्हा आनंदरावांनी पातेलं पुढे धरलं आणि सांगितलं, की मालक कामाला गेलेत, एक लिटर द्या.